दूरच्या पक्ष्याची जवळची प्रतिमा

उन्हाळ्याच्या तोंडी गावाबाहेरच्या रस्त्याने जाताना विजेच्या तारांवर नजर टाका. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंगाने सडपातळ, पोपटी रंगाचा, काळ्या बाकदार चोचीचा आणि शेपटीतून दोन काड्या बाहेर आल्यासारखा दिसणारा एक पक्षी तुम्हाला हमखास भेटेल. तो वेडा राघू. तारेवरून तो एकदम झेप घेतो, हवेतल्या हवेत माशी किंवा चतुर पकडतो आणि गिरकी घेऊन पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. पकडलेला किडा तारेवर आपटून मारायचा आणि मग गिळायचा, असा त्याचा रिवाज आहे.

आता घरातला मोबाईल फोन घ्या आणि दहा मीटरवरून त्याचा फोटो काढा. डोळ्यांना स्पष्ट दिसणारी चोच, गळ्याखालची काळी रेघ, डोळ्यांतला तांबडा रंग यांपैकी फोटोत काहीच दिसत नाही. तारेवर एक हिरवट ठिपका तेवढा दिसतो. फोनवर बोटांनी चित्र ताणून मोठे केले, तर ठिपक्याचा डाग होतो. फोन महागाचा असो वा स्वस्तातला, फरक थोडाच. असे का होते आणि पक्ष्यांचे सुरेख फोटो काढणारे लोक खांद्यावर तोफेसारखी नळी घेऊन का हिंडतात, हे आज आपण पाहू. त्यासाठी दहावीपर्यंतची भूमिती आणि प्रकाशाचे धडे पुरेसे आहेत.

ठिपक्याचे गणित

वहीत एक आकृती काढा. डावीकडे पक्षी, मध्ये बहिर्गोल भिंग, उजवीकडे भिंगाच्या नाभीपाशी पडदा. पक्ष्याच्या डोक्यापासून आणि पायापासून निघून भिंगाच्या मध्यातून सरळ जाणारे दोन किरण काढा. भिंगाच्या दोन्ही बाजूंना दोन समरूप त्रिकोण मिळतील. पक्षी पुष्कळ दूर असला, तर प्रतिमा जवळजवळ नाभीपाशीच पडते. म्हणून,

प्रतिमेची लांबी = पक्ष्याची लांबी × भिंगाचे नाभीय अंतर ÷ पक्ष्याचे अंतर

वेडा राघू शेपटीच्या काड्या सोडल्या तर सुमारे १८ सेंटिमीटर, म्हणजे १८० मिलिमीटर लांब असतो. दहा मीटर म्हणजे १०,००० मिलिमीटर. बऱ्याच फोनमधल्या मुख्य भिंगाचे नाभीय अंतर ५ ते ६ मिलिमीटर असते. ५ धरले, तर प्रतिमेची लांबी १८० × ५ ÷ १०,००० = ०.०९ मिलिमीटर येते. केसाच्या जाडीएवढ्या जागेत अख्खा पक्षी! पूर्वी प्रतिमा फिल्मवर पडत असे, आता ती संवेदकावर पडते. या संवेदकावर प्रकाश मोजणाऱ्या लाखो बारीक चौकटी असतात. एक चौकट हजारांश मिलिमीटरच्या हिशेबात मोजावी लागते. एका चौकटीची रुंदी ०.००१४ मिलिमीटर धरली, तरी ०.०९ मिलिमीटरमध्ये अवघ्या ६४ चौकटी मावतात. चोचीपासून शेपटीपर्यंतचा सारा तपशील ६४ ठिपक्यांत सांगायचा, तर चोचीच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार?

याच जागी ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लावा. प्रतिमा १८० × ४०० ÷ १०,००० = ७.२ मिलिमीटर लांबीची पडेल, म्हणजे फोनमधल्या प्रतिमेच्या ऐंशीपट. मोठ्या कॅमेऱ्याच्या संवेदकावरील चौकटीची रुंदी ०.००४ मिलिमीटर धरली, तर पक्ष्याच्या लांबीत १८०० चौकटी आल्या. आता पापणीसुद्धा मोजता येईल.

सूत्राकडे पुन्हा एकदा पाहा. प्रतिमा मोठी करायचे दोनच उपाय त्यात आहेत. नाभीय अंतर वाढवणे हा एक आणि पक्ष्याचे अंतर कमी करणे हा दुसरा. पहिल्याला पैसे लागतात, दुसऱ्याला धीर. दुसऱ्याकडे आपण मागाहून वळू.

इथे दोन गैरसमजुती दूर केलेल्या बऱ्या. फोनच्या पडद्यावर दोन बोटांनी जो झूम करतात, त्यात बहुधा भिंग हलत नाही. संवेदकाचा मधला तुकडा कापून तो ताणून दाखवलेला असतो. नवी माहिती त्यात एका ठिपक्याचीही येत नाही. (काही फोनमध्ये लांब नाभीय अंतराचे वेगळे भिंग बसवलेले असते, त्यांची गोष्ट निराळी.) दुसरी गैरसमजूत '५० पट झूम' या जाहिरातीतल्या शब्दांची. ५० पट म्हणजे पक्षी ५० पट मोठा दिसतो असे नव्हे. अशा एखाद्या लहान कॅमेऱ्याच्या भिंगाच्या कडेला बारीक अक्षरांत ४.३–२१५ मि.मी. असे लिहिलेले आढळते. २१५ ला ४.३ ने भागा, उत्तर ५० येते. म्हणजे सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड नाभीय अंतरांचे ते केवळ गुणोत्तर आहे. १०० ते ४०० मिलिमीटरचे भिंग या हिशेबाने अवघे '४ पट' ठरते, पण संवेदकावर पडणारी पक्ष्याची प्रतिमा त्याच्यामुळे जवळजवळ दुप्पट मोठी होते. दुकानात गेल्यावर 'किती पट' विचारण्याऐवजी 'किती मिलिमीटर आणि संवेदक केवढा' असे विचारावे. दुकानदार जरा चमकून पाहील, पाहू द्या.

४० सेंटिमीटरचे भिंग २५ सेंटिमीटरमध्ये

आता एक अडचण येते. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे साधे बहिर्गोल भिंग घेतले, तर प्रतिमा त्याच्यामागे ४० सेंटिमीटरवर पडणार. म्हणजे कॅमेऱ्यापुढे तेवढी लांब नळी हवी. दुर्बिणी अशा असतात आणि पूर्वी पक्ष्यांचे फोटो काढणारे तशाच लांबलचक नळ्या वापरत. १८९१ साली इंग्लंडमध्ये टॉमस डॅलमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे यावर तोड काढली. पुढे बहिर्गोल भिंग ठेवायचे आणि त्याच्यामागे, किरण एकत्र येण्याआधीच, एक अंतर्गोल भिंग ठेवायचे. अशा रचनेला टेलिफोटो भिंग म्हणतात. लांब नाभीय अंतराचे प्रत्येक भिंग टेलिफोटो असते असे नाही. भिंगाची लांबी त्याच्या नाभीय अंतरापेक्षा कमी असेल, तरच ते खरे टेलिफोटो.

ही रचना तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत एका तासात उभी करू शकता. शिक्षकांना विनंती की, प्रकाशाचा धडा शिकवून झाल्यावर हा प्रयोग अवश्य करून घ्यावा. साहित्य फार नाही. २० सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग, १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे अंतर्गोल भिंग, दोन भिंगधारक, मोजपट्टी आणि पडद्यासाठी पांढरा पुठ्ठा. वर्गाची एक खिडकी उघडी ठेवून बाकीच्या बंद करा आणि बाहेरचे एखादे दूरचे झाड निवडा. झाड पंधरावीस मीटर तरी लांब हवे.

प्रथम एकट्या बहिर्गोल भिंगाने झाडाची प्रतिमा पुठ्ठ्यावर घ्या. ती २० सेंटिमीटरवर मिळेल. प्रतिमा अर्थात उलटी असेल. तिची उंची मोजून लिहून ठेवा. आता बहिर्गोल भिंगाच्या मागे १५ सेंटिमीटरवर अंतर्गोल भिंग ठेवा. प्रतिमा पुसट होईल. पुठ्ठा हळूहळू मागे न्या. अंतर्गोल भिंगापासून १० सेंटिमीटरवर प्रतिमा पुन्हा रेखीव होईल. तिची उंची मोजा. ती पहिल्या प्रतिमेच्या दुप्पट भरेल.

कारण सोपे आहे. बहिर्गोल भिंगातून निघालेले किरण २० सेंटिमीटरवर, म्हणजे अंतर्गोल भिंगाच्या मागे ५ सेंटिमीटरवर एकत्र यायला निघालेले असतात. अंतर्गोल भिंग त्यांना थोडे फाकवते, त्यामुळे त्यांची भेट लांबणीवर पडते. किती लांबणीवर, ते भिंगाच्या सूत्रावरून काढू. १/५ वजा १/१० बरोबर १/१०. म्हणजे भेट ५ ऐवजी १० सेंटिमीटरवर होते. अंतर दुप्पट झाले, म्हणून प्रतिमाही दुप्पट झाली. २० सेंटिमीटरचे भिंग ४० सेंटिमीटरच्या भिंगासारखे वागू लागले. पुढच्या भिंगापासून पुठ्ठ्यापर्यंतची एकूण लांबी मात्र १५ अधिक १०, म्हणजे २५ सेंटिमीटरच आहे. हेच ते टेलिफोटो.

एवढ्यावर प्रयोग थांबवू नका. यापुढचा भाग मला सर्वांत गमतीचा वाटतो. दोन भिंगांमधले अंतर १५ वरून १४ सेंटिमीटर करा. आता प्रतिमा अंतर्गोल भिंगाच्या मागे १५ सेंटिमीटरवर सापडेल आणि ती आणखी मोठी असेल. गणित करून पाहा, जोडीचे नाभीय अंतर ५० सेंटिमीटर झालेले आहे. अंतर १६ सेंटिमीटर केले, तर प्रतिमा ६.७ सेंटिमीटरवर मिळते आणि नाभीय अंतर ३३ सेंटिमीटरवर उतरते. भिंगे तीच आहेत. काच बदललेली नाही की तिची वक्रता बदललेली नाही. दोघांमधली फट एक-एक सेंटिमीटरने कमीजास्त केली, एवढ्यानेच नाभीय अंतर ३३, ४०, ५० असे बदलत गेले. झूम भिंग म्हणजे दुसरे काही नाही.

पण कॅमेऱ्यातला संवेदक पुठ्ठ्यासारखा मागेपुढे सरकत नाही. तो जागच्या जागी असतो. म्हणून फट बदलताना दोन्ही भिंगे अशी सरकवावी लागतात, की प्रतिमा नेहमी त्याच जागी पडेल. आपल्या प्रयोगात पडद्यापासून बहिर्गोल भिंगाचे अंतर अनुक्रमे २२.७, २५ आणि २९ सेंटिमीटर, तर अंतर्गोल भिंगाचे ६.७, १० आणि १५ सेंटिमीटर असावे लागते. दोघे एकाच दिशेने सरकतात, पण सारख्या पावलांनी नाही. झूम भिंगाचे कडे फिरवले, की नळीच्या आत कोरलेल्या दोन वेगवेगळ्या वळणांच्या खाचा ही असमान चाल नेमकी सांभाळतात. सिनेमाच्या कॅमेऱ्यांना झूम भिंगे आधीपासून होती. साध्या कॅमेऱ्यासाठी ३६ ते ८२ मिलिमीटरचे 'झूमार' हे भिंग जर्मनीतल्या फॉइग्टलेंडर कंपनीने १९५९ साली बाजारात आणले.

प्रयोगातल्या प्रतिमेच्या कडांना निळसर-तांबूस झालर दिसली असेल. काच वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळी वळवते, हे तुम्हाला लोलकामुळे ठाऊक आहेच. ती झालर घालवण्यासाठी खऱ्या भिंगात वेगवेगळ्या काचांची पंधरा-वीस भिंगे एकामागे एक बसवतात. किंमत आणि वजन वाढते ते तिथे.

उजेडाची उधळपट्टी

भिंगावर ५.६ किंवा २.८ असा आणखी एक आकडा लिहिलेला असतो. नाभीय अंतराला उजेड आत येण्याच्या छिद्राच्या व्यासाने भागले, की हा आकडा मिळतो. ४०० मिलिमीटरच्या भिंगावर ५.६ लिहिले असेल, तर छिद्राचा व्यास ४०० ÷ ५.६, म्हणजे ७१ मिलिमीटर. आकडा लहान, तितके छिद्र मोठे. २.८ आकड्याचे भिंग ५.६ च्या भिंगापेक्षा चौपट उजेड घेते, कारण छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढते. मात्र ४०० मिलिमीटरचे २.८ आकड्याचे भिंग करायचे, तर पुढची काच १४ सेंटिमीटरहून मोठी लागते. ते पेलायला तिपाई लागते आणि विकत घ्यायला कर्ज.

उजेड इतका का हवा? कारण झडप फार थोडा वेळ उघडी ठेवून चालवून घ्यायचे असते. हात कितीही स्थिर धरला तरी थोडा कापतोच. समजा, झडप उघडी असताना भिंग अंशाच्या शंभराव्या भागाएवढे वळले. ४०० मिलिमीटर भिंगाची प्रतिमा तेवढ्याने ०.०७ मिलिमीटर सरकते, म्हणजे संवेदकावरच्या सुमारे १७ चौकटी ओलांडते. पिसांचा तपशील आणि डोळ्यातली चमक तिथेच पुसली गेली. ५० मिलिमीटरच्या भिंगात हाच धक्का जेमतेम दोन चौकटींचा असतो. म्हणून जुन्या फोटोग्राफरांचा एक ठोकताळा आहे. भिंग जितक्या मिलिमीटरचे, निदान सेकंदाच्या तितक्याव्या भागाइतकी जलद झडप हवी. ४०० ला १/४०० सेकंद. आता हाताचा कंप मोजून आतले भिंग उलट दिशेने हलवणारी सोय असते आणि तिचा उपयोगही होतो. पण ती फक्त तुमच्या हाताचा कंप सावरते. पक्षी मान वळवतो, ते ती कशी सावरणार? उडणाऱ्या वेड्या राघूला १/२००० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ द्यावा लागतो.

इतका उजेड मिळेल का, याचाही अंदाज डोक्यातल्या डोक्यात करता येतो. स्वच्छ उन्हात, संवेदनक्षमता १०० आणि छिद्राचा आकडा १६ असेल, तर झडप सुमारे १/१०० सेकंद ठेवावी, हा फिल्मच्या डब्यावर छापला जाणारा नियम आजही खरा आहे. छिद्र १६ वरून ५.६ वर आणले, की उजेड आठपट होतो आणि झडप १/८०० वर येते. संवेदनक्षमता ४०० केली, तर १/३२०० मिळते. सकाळचे कोवळे ऊन याच्या चौथाई धरले, तरी १/८०० हाती राहते. बसलेल्या पक्ष्याला ते पुष्कळ झाले. पूर्वी २५ किंवा ६४ संवेदनक्षमतेच्या रंगीत फिल्मवर, ३६ फोटोंचे एक रीळ जपून वापरत लोकांनी कामे केली. ती कशी केली असतील, याची कल्पना या गणितावरून येईल.

भर दुपारी ऊन भरपूर असते, मग तेव्हाच फोटो का काढू नयेत? तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असते. डांबरी रस्त्यावर दूरचे चित्र हलताना तुम्ही पाहिले असेल. लांब भिंग त्या लहरीही मोठ्या करून दाखवते. कितीही किमती भिंग असले, तरी दुपारच्या माळरानावर शंभर मीटरवरचा पक्षी पाण्यात पाहिल्यासारखा दिसतो. सकाळचे पहिले दोन तास त्यासाठीच चांगले, आणि पक्षीही तेव्हाच कामात असतात.

बगळ्याचा फोटो काढताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक सगळे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. गर्द झाडीपुढे पांढरा बगळा उभा असेल, तर मापक झाडी पाहून जादा उजेड घेतो आणि बगळ्याच्या पिसांचा नुसता चुना होतो. उजेड मुद्दाम कमी करा. आकाशापुढे तारेवर बसलेला कोतवाल याच्या उलट. तिथे उजेड वाढवला नाही, तर पक्ष्याऐवजी त्याची काळी सावली मिळते.

दहा मीटरवर ४०० मिलिमीटरचे भिंग ५.६ च्या छिद्राने वापरले, तर पुढेमागे मिळून सुमारे २० सेंटिमीटर जाडीचाच भाग रेखीव येतो. त्याच्या पुढचे-मागचे सगळे धूसर. म्हणून नेम नेहमी डोळ्यावर धरावा. शेपूट थोडी पुसट झाली तर चालते, डोळा पुसट झाला तर फोटो टाकाऊ.

पक्ष्याला न कळू देता

आता सूत्रातला दुसरा उपाय. अंतर निम्मे केले, की प्रतिमा दुप्पट होते. २०० मिलिमीटरच्या भिंगाने पाच मीटरवरून जे मिळते, ते ४०० च्या भिंगाने दहा मीटरवरून मिळते तेवढेच मोठे असते, आणि मधली हवा कमी असल्याने पुष्कळदा जास्त स्वच्छ. पण पाच मीटरवर पक्षी बसू देईल तर ना!

रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे दोन इंग्रज भाऊ. अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचा फोटो त्यांनी १८९२ साली काढला आणि १८९५ साली फोटोंनी सजवलेले पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक काढले. त्यांच्याजवळ लांब भिंगे फारशी नव्हती, म्हणून त्यांनी लपण्याची कला वाढवली. पोकळ सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवून ते आत उभे राहत आणि बैलाच्या अंगातल्या भोकातून फोटो काढत. कुरणातल्या पक्ष्यांना बैलाचे काय भय?

तुम्हाला बैल बनण्याची गरज नाही. वेड्या राघूसारखा पक्षी पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येतो, ही त्याची सवयच तुमची निम्मी कामगिरी करते. तो उडून गेला, की फांदीपासून योग्य अंतरावर बसा, भिंग आधीच फांदीवर जुळवून ठेवा आणि हलू नका. पहिली दहा मिनिटे तो लांबच्या तारेवरून तुम्हाला न्याहाळेल. मग एकदा येऊन जाईल. मग तुम्हाला विसरेल. चालत जवळ जायचेच असेल, तर सरळ रोखाने जाऊ नका, तिरके जा, मध्येमध्ये थांबा, त्याच्याकडे टक लावू नका. भडक कपडे टाळा. रस्त्याकडेला थांबलेली मोटार किंवा बैलगाडी हा उत्तम आडोसा असतो. तिच्यातून माणूस उतरला रे उतरला, की पक्षी उडालाच म्हणून समजा.

पक्षी अस्वस्थ झाला, हे ओळखायला शिका. तो खाणे थांबवतो, मान उंच करतो, अंग आखडून बारीक होतो, टिटवीसारखा असेल तर ओरडून सगळे माळरान जागे करतो. यांतली पहिली खूण दिसताच जागेवर थांबावे. पुढचे पाऊल टाकले तर फोटो मिळेल तो पाठमोऱ्या, उडत्या पक्ष्याचा. पक्ष्याचा मुद्रित आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणारे लोक आता पुष्कळ झाले आहेत. त्या आवाजाने पक्ष्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. पिलांना भरवायचे सोडून तो त्या नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. मला हा प्रकार मुळीच पसंत नाही.

बिळाच्या तोंडाशी

वेडा राघू नदीकाठच्या किंवा चाऱ्यांच्या मातीच्या उभ्या कडेत आडवे बीळ खोदतो आणि आत अंडी घालतो. मार्च ते जून हा त्याचा विणीचा काळ. चोचीत चतुर धरून बिळाकडे येणारा राघू म्हणजे फोटोग्राफरला मेजवानीच. बिळासमोर तिपाई रोवून बसावे, असा मोह कोणालाही होईल.

पण याच पक्ष्यावर पुण्याच्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फार सुंदर प्रयोग केले आणि ते २००२ साली प्रसिद्ध झाले. बिळाजवळ माणूस उभा असला, तर राघू बिळात जायला कचरतो, हे त्यांनी पाहिले. यात नवल नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. राघू नुसत्या माणसाला भितो, की माणसाला बीळ दिसते आहे हे त्याला कळते? म्हणून माणसाला कधी बीळ दिसेल अशा जागी, तर कधी तितकेच जवळ पण आडोशामुळे बीळ दिसणार नाही अशा जागी उभे केले. माणसाला बीळ दिसत नसेल तेव्हा राघू बरेच निर्धास्तपणे आत जात. बीळ दिसत असेल, तेव्हा बाहेर घुटमळत. दुसऱ्याच्या डोळ्यांना कुठून काय दिसते, याचा अंदाज या एवढ्याशा पक्ष्याला करता येतो!

फोटोग्राफरच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, पाहा. बिळासमोर, बीळ नीट दिसेल अशा जागी बसलेला माणूस म्हणजे राघूच्या दृष्टीने नेमका तो शत्रू. तुम्ही तासभर बसलात, तर चोचीतला चतुर तासभर चोचीतच राहतो आणि आतली पिले तेवढा वेळ उपाशी. भिंग ४०० चे असो की ८०० चे, जोवर पक्षी घुटमळतो आहे तोवर तुम्ही फार जवळ आहात. राघूचा फोटो तारेवरही मिळतो, फांदीवरही मिळतो. बिळापाशी जाऊ नये, हे उत्तम.

टिटवीची गोष्ट याहून नाजूक. तिची अंडी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये असतात. एप्रिल-मेच्या उन्हात ती अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवण्याचे काम मोठे असते. टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना ओलावा देते. तुम्ही जवळ उभे असताना ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते आणि अंडी उन्हात तापत असतात. कावळाही कुठून तरी पाहत असतो. घरटे नीट दिसावे म्हणून पुढच्या फांद्या छाटणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही बसते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगून ठेवावे.

फोटो पुरावा म्हणून

एवढा खटाटोप करून काढलेल्या फोटोचा शास्त्राला काय उपयोग? याचे एक चांगले उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. वन पिंगळा नावाचे एक लहान घुबड मध्य भारतात असे. त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ सालचा. त्यानंतरचा १९१४ सालचा म्हणून एक नमुना इंग्लंडच्या संग्रहालयात होता, पण तो खोटा होता. जुनाच नमुना चोरून, नव्याने भरून, त्यावर दुसरी चिठ्ठी लावलेली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने ही लबाडी उघडकीस आणली. मधल्या काळात वन पिंगळ्याचा म्हणून एक फोटोही पुढे आला होता. नीट पारखल्यावर तो आपल्या गावागावांत दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याचा निघाला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. वन पिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, शेपटीवर रुंद पट्टे आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. खोट्या चिठ्ठ्या बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या आधाराने रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शोध घेत निघाले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना वन पिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! त्यांनी तो चित्रित केला, आणि त्यासाठी एकही पक्षी मारावा लागला नाही. पुढे मेळघाटात आणि २०१४ साली मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही तो सापडला.

यावरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सुंदर फोटो वेगळा आणि उपयोगी फोटो वेगळा. उपयोगी फोटोत डोके, पंखांवरचे पट्टे, पोट, शेपूट आणि पाय दिसायला हवेत, मग तो थोडा पुसट असला तरी चालेल. त्याच्याबरोबर तारीख, वेळ, गाव, पक्षी काय करत होता, चोचीत काय होते, एवढे वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा. अर्थात दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचा नेमका पत्ता चारचौघांत सांगत सुटू नये. दुसऱ्या दिवशी तिथे वीस तिपाया उभ्या असतात.

सोडवून पाहा

१. सुमारे १.३ मीटर उंचीचा रोहित पक्षी पाण्यात ६० मीटरवर उभा आहे. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने त्याची प्रतिमा केवढी पडेल? ५० मिलिमीटरच्या भिंगाने तेवढीच प्रतिमा हवी असल्यास किती जवळ जावे लागेल?

२. ३० सेंटिमीटरचे बहिर्गोल भिंग आणि १२ सेंटिमीटरचे अंतर्गोल भिंग २१ सेंटिमीटर अंतरावर ठेवली आहेत. दूरच्या वस्तूची प्रतिमा अंतर्गोल भिंगापासून किती अंतरावर पडेल? जोडीचे नाभीय अंतर किती?

३. प्रयोगात दोन भिंगांमधले अंतर बरोबर १० सेंटिमीटर केले, तर पडद्यावर प्रतिमा मिळेल का? आधी गणित करा, मग भिंगे मांडून खात्री करा.

उत्तरे: १. ६.५ मिलिमीटर, १० मीटर. २. ३६ सेंटिमीटर, १२० सेंटिमीटर. ३. मिळणार नाही. अंतर्गोल भिंगाच्या मागे १० सेंटिमीटरवर, म्हणजे त्याच्या नाभीपाशीच एकत्र येऊ पाहणारे किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात. त्यांना पुठ्ठ्याऐवजी डोळ्यात घ्या, झाड दुप्पट मोठे आणि सुलटे दिसेल. ही गॅलिलिओची दुर्बीण झाली. मात्र सूर्याकडे तिचे तोंड कधीही करू नका.